माझी चार मरणं आणि बुधवारचा वर्ग

तीर्थस्वरूप वन्सं यांना,
धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्यापासून तुम्ही रोज गच्चीवर जाऊन येता असं कानावर आलं आहे (कोणी सांगितलं ते विचारू नका; सांगताना तो माणूस मध्येमध्ये खोकत होता, एवढंच सांगते). यजमानांच्या त्या खोकल्याला नवं औषध लागू पडलं का? सूनबाईंच्या बदलीचं काय झालं? आम्ही इकडे दोघंही खुशाल आहोत. 'दोघंही' हे मुद्दाम लिहिलं, कारण मधले काही महिने मी खुशाल आहे की नाही, किंबहुना मुळात आहे की नाही, याबद्दल इथल्या एका खोलीतल्या सगळ्या माणसांचं एकमत होतं आणि ते माझ्या विरुद्ध होतं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. (राग मानू नका. सगळी नोकरी मी कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर 'थांबा, जोडून देते' एवढ्या एका वाक्यावर काढली, मला सवय आहे.) पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बसा, आणि पाय स्टुलावर ठेवा. हकीकत लांब आहे.

तुमचे बंधू निवृत्त झाले तिथपासून सुरुवात करायला हवी. जन्मभर ह्यांनी दुकानादुकानांतून वजनमापं तपासली. कोणाचा काटा खोटा, कोणाच्या मापाचा तळ आत चेपलेला, हे दारातून बघून ओळखायचे. आता घरी बसल्यावर तपासायला उरलं काय, तर साबणाच्या वड्या आणि मी. वडी वेष्टनावर लिहिलेल्या वजनाची आहे का, हे रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बघायचं आणि नसली की माझ्याकडे असं बघायचं की जणू रात्रीतून मीच ती चाटून कमी केली. बोलण्याचं म्हणाल, तर ते तुम्ही लहानपणापासून बघताय. शब्द तोलूनमापून वापरणारा माणूस. पण लोकांची मापं तपासणाऱ्यानं स्वतःच्या घरात मात्र कायम माप उणंच घातलं. 'हं', 'बघू' आणि 'मीठ' ह्या तीन शब्दांवर आमचा संसार उभा आहे. ('मीठ'चा सूर वर गेला तर कमी पडलं, खाली गेला तर जास्त झालं. नव्या माणसाला हे कळायला वर्षं लागतात.)

शेवटी आमच्या लेकीनंच उपाय काढला. वाचनालयाच्या फळ्यावर तिनं वाचलं की दर बुधवारी संध्याकाळी प्रौढांसाठी सर्जनशील लेखनाचा वर्ग भरणार आहे. तिनं बाबांचं नाव घातलं, आणि पहिल्या बुधवारी मी त्यांना जवळजवळ ढकलूनच घराबाहेर काढलं. मला वाटलं, एका बुधवारात परत येतील. पण कसलं काय! माणूस वर्गाला चिकटला तो डिंकासारखा. घरी आले की गॅलरीत टेबल घेऊन दार लावून बसायचे. आतून फक्त कागद फाडल्याचा आवाज यायचा. मी आपली शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमच्यात आता लिहिणं चालू असतं." शिवाय दर बुधवारी हे काहीतरी खाऊचा डबा घेऊन यायचे. कधी केक, कधी सूप, कधी कोणाच्या घरच्या वड्या. कुठून आलं म्हटलं की, "वर्गात देतात." मी म्हटलं, वा, काय सुसंस्कृत वर्ग आहे! आणि वन्सं, काय सांगू, मी ते सगळं अगदी बोटं चाटून खाल्लं. नंतर कळलं की मी आपल्याच दुखवट्याचं जेवण चवीनं जेवत होते.

ते कळलं ते असं. एका बुधवारी हे वाचायचा चष्मा घरी विसरून गेले. तो द्यायला मी वाचनालयात गेले. वर्ग वरच्या मजल्यावर, आणि जिन्यात एक बाई वरून खाली येत होत्या. (निवृत्त शिक्षिका. गणित शिकवायच्या. वर्गात त्यांना सगळे भूमितीबाई म्हणतात, कारण कथेतलं पात्र खोलीत शिरलं की दारापासून किती अंशात वळलं ते त्या विचारतात.) मी त्यांना ह्यांचं नाव सांगून म्हटलं, हा चष्मा एवढा वर द्याल का, मी त्यांची बायको. बाईंनी कठडाच धरला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "इतक्यात दुसरी केली?"

मी म्हटलं, "पहिलीच आहे."

बाई चष्मा घेऊन अशा धावत वर गेल्या की खाली यायचं कारणच विसरल्या असाव्यात.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी गॅलरीतल्या टेबलाचा खण उघडला आणि ह्यांच्या देखत सगळ्या कथा वाचून काढल्या. चार कथा, आणि वन्सं, चारही कथांत मी मेले आहे! पहिलीत जिन्यावरून पडून, कारण जिन्यावरचा दिवा गेलेला होता. (आमच्याही जिन्यावरचा दिवा गेलेलाच आहे. त्याच्यावर कथा लिहायला वेळ आहे, तो बदलायला नाही.) दुसरीत न्यूमोनियानं, खिडकीबाहेर पानं गळत असताना. तिसरीत तळ्यात होडी उलटून. मी उभ्या आयुष्यात होडीत बसले नाही. बसले असते तर नीट बसले असते. आणि चौथीत तर कमालच. 'एके सकाळी ती नव्हती.' बस. कशी मेली, कशानं मेली, काही पत्ताच नाही. निदान कारण द्यायचे तरी कष्ट घ्यावेत की नाही माणसानं? आणि सगळ्या कथा 'मी'नं सुरू होतात, त्यामुळे अख्खा वर्ग ह्यांना विधुर समजून चालला होता. वर्गात एक दंतवैद्य आहेत. त्यांनी तर ह्यांची अक्कलदाढ निव्वळ सहानुभूतीपोटी काढून दिली होती.

"ही कोण?" मी विचारलं.

"नायिका."

"हिच्या चष्म्याची काडी माझ्याच काडीसारखी डावीकडे कशी तुटली?"

"योगायोग."

"आणि सारखी मरते कशाला?"

तुमच्या बंधूंनी कागदांच्या कडा जुळवल्या. मग अगदी मनापासून म्हणाले, "ती असली की मला बोलायला मिळत नाही."

आता ह्यावर मी चिडायला हवं होतं, आणि चिडलेच. पण वन्सं, खोटं कशाला सांगू, मला झोप लागली नाही ती रागानं नाही. त्या कथांतला तो मेला विधुर (म्हणजे जिवंत विधुर) काय काय बोलतो! बायकोचा स्वेटर कपाटात तसाच ठेवतो. रोज सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'ती गेल्यावर घर हलकं झालं, पण काटा मात्र खाली गेला.' मी ते वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. हा माणूस मेलेल्या बायकोशी इतकं बोलतो, आणि जिवंत बायकोला म्हणतो 'मीठ'! मला माझ्याच त्या नायिकेचा हेवा वाटायला लागला. तेव्हाच ठरवलं, की जिथे हे सगळं बोललं जातं तिथे आपण असायलाच हवं. सकाळी सांगितलं, मीही वर्गाला येते. हे म्हणाले, "बघू."

पुढच्या बुधवारी मी चांगली इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून वर्गात शिरले. खोली म्हणजे मुलांचा वाचनकक्ष, खुर्च्या गुडघ्याएवढ्या, भिंतीवर हत्ती आणि फुगे. मी दारात उभी राहिले आणि डावीकडची काडी तुटलेला माझा चष्मा सगळ्यांनी ओळखला. दंतवैद्य उठून भिंतीला टेकले. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी विचारलं, "आपण?"

म्हटलं, "मी ह्यांची स्वर्गवासी पत्नी. फी भरून आले आहे."

भूमितीबाई टाळी वाजवून ओरडल्या, "मी सांगत नव्हते? जिन्यात भेटली होती म्हणून! कोणी विश्वास ठेवला का माझ्यावर?" दंतवैद्यांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं, की काढलेली दाढ परत बसवता आली असती तर त्यांनी तिथल्या तिथे बसवली असती. आणि तुमचे बंधू? ते भिंतीवरच्या हत्तीकडे बघत होते.

मला वाटलं होतं, लिहिणं म्हणजे काय, बोलायचं तेच कागदावर उतरवायचं. बोलण्यात मी कोणाला हार जाणार नाही (तुमचा अपवाद). पण मॅडमनी पहिल्याच दिवशी माणसं नसलेल्या खोलीचं वर्णन लिहायला सांगितलं, आणि माझ्या खोलीत तिसऱ्या ओळीला शेजारीण आली, पाठोपाठ तिची जाऊ आली, आणि पान संपेपर्यंत बसायला जागा उरली नाही. मग दोघांचं भांडण लिहायला सांगितलं. मी झरझर लिहिलं. मॅडम वाचून म्हणाल्या, "ह्यात एकच माणूस बोलतोय. दुसरा कुठे आहे?" मी म्हटलं, तो 'बघू' म्हणाला होता, ते मी गाळलं. सगळे हसले. पण मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुमच्या कथेतली सगळी पात्रं तुम्हीच असता. दुसऱ्या कोणाला आत येऊ द्या की."

वन्सं, ते मला लागलं. त्या रात्री मी जेवताना एक शब्द बोलले नाही. हे इतके घाबरले की आपण होऊन दोनदा विचारलं, बरं नाही का? ('बघू' म्हणावंसं वाटलं, पण नाही म्हटलं.) मी विचार करत होते की जन्मभर मी लोकांची बोलणी जोडून दिली, आणि जोडून दिलं की कानावरचं यंत्र काढून ठेवलं. पलीकडे कोण काय म्हणालं, कधी ऐकलंच नाही. आता ऐकायला बसायचं म्हटलं. लोकांच्या गप्पांत मी तोंड मिटून बसायला लागले. शेजारणींना वाटलं मला घशाचं काही झालंय. आणि काय चमत्कार सांगू, मी गप्प राहिले की हे बोलायला लागले! म्हणजे थेट नाही, लिखाणाच्या आडून. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला हे, एका टोकाला मी, मध्ये शब्दकोश. एकदा मान वर करून विचारलं, "विरहाला दुसरा शब्द सांग."

मी म्हटलं, "सुट्टी."

हे हसले. आवाज न करता, पण खांदे हलले. मी पाहिलं.

आता मुख्य गोष्ट. वर्ग संपताना वाचनालयाच्या मोठ्या दालनात वाचनाचा कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येकानं आपली एक कथा लोकांसमोर वाचायची, आणि जी मॅडमना आणि परीक्षकांना आवडेल ती वाचनालयाच्या वार्षिक अंकात छापायची. लेक आली, जावई आले, शेजारणी आल्या. ह्यांची पाळी आली. स्टेजवर उभे राहिले ते असे, की जणू दुकानदाराचा वकील समोर बसलाय. मी दुसऱ्या रांगेत. मनात म्हटलं, आता कशानं मरायचंय ते कळेल.

कथेत बायको मेलेलीच होती, त्यात नवल नाही. विधुर घरात एकटा बसलेला. तो एका दुपारी फोन उचलतो आणि बायको जिथे नोकरीला होती त्या कंपनीचा जुना नंबर फिरवतो. वन्सं, इथे तुम्हाला एक सांगायला हवं. माझ्या बोर्डावर वर्षानुवर्षं दुपारचा एक फोन यायचा. दबक्या आवाजात 'भांडार विभाग द्या' म्हणायचा, मी 'थांबा, जोडून देते' म्हणायची, आणि जोडून दिलं की फोन बंद. आम्ही ऑपरेटर बायकांनी त्याचं नाव मुका ठेवलं होतं. मी साहेबांकडे त्याची लेखी तक्रार केली होती. एकदा तर खडसावलं होतं, "तोंडात मूग धरलेत का?" आणि स्टेजवर तुमचे बंधू वाचत होते की तो तरुण निरीक्षक दुपारी दुकानं तपासता तपासता कोपऱ्यावरच्या फोनपाशी थांबायचा आणि बायकोच्या कंपनीला फोन लावायचा. 'घरी तिचा आवाज सगळ्यांसाठी असे. फोनवर ती थांबा म्हणे, ते फक्त त्याला.' आणि पुढे, 'एकदा ती म्हणाली, तोंडात मूग धरलेत का. तो दिवसभर हसत होता.'

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायलेला माणूस दुपारी फोन करून माझा आवाज ऐकत होता, आणि मी त्याची साहेबांकडे तक्रार केली होती!

हे पुढे वाचायला लागले, 'त्यानं तिला कधीच सांगितलं नाही की...' आणि आवाजच बसला. पाणी प्यायले. पुन्हा 'की...' म्हणाले, आणि पुन्हा अडकले. लेक माझा हात दाबत होती. कोणीतरी घसा खाकरला. आणि काय झालं मलाच कळलं नाही, पण मी जागेवरूनच, अगदी बोर्डावरच्या त्या जुन्या आवाजात, मोठ्यानं म्हटलं,

"थांबा, जोडून देते."

ह्यांनी मान वर केली. आणि हसले, वन्सं! चारचौघांत, आवाज करून, दात दिसेपर्यंत (अक्कलदाढेची रिकामी जागाही दिसली). मग कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तो मुका मीच."

"कळलं," मी म्हटलं.

"तू गेली नाहीस हे बरं झालं."

एवढंच. पण ह्यांच्या मापानं बघाल तर ते पोतंभर होतं. टाळ्या थांबेनात. दंतवैद्य रुमाल तोंडात धरून रडत होते. ती कथा ह्यांनी पुरी वाचलीच नाही.

आणि आता तुमच्या भावजयीचा पराक्रम. ह्यांच्यानंतर वाचायला कोणी तयार होईना. मी उठले. मी माझी कथा वाचली, संथपणे, एका माणसाचं बोलून झालं की मगच दुसऱ्याला बोलू देत. सुरुवातीला लोक हसले, आणि शेवटच्या पानाला रुमाल निघाले. शेजारणी, ज्या माझं बोलणं अर्ध्यावर सोडून दूध उतू चाललंय म्हणून पळतात, त्या हलल्या नाहीत. परीक्षकांनी एकमतानं माझीच कथा अंकासाठी निवडली! मॅडमनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "काकू, शेवटचं पान म्हणजे काय पान आहे! असा शेवट फार वर्षांत वाचला नव्हता." भूमितीबाईंना एकही कोन चुकलेला सापडला नाही. जावयानं माझी सही घेतली. घरी येताना माझी पिशवी ह्यांनी उचलली आणि वाटेत ओळखीचे भेटले त्यांना सांगितलं, "ही लेखिका." पूर्ण दोन शब्द, न विचारता! आता दुपारी मी आतल्या खोलीत असले की बाहेरच्या खोलीतून कधीकधी फोन येतो. 'भांडार विभाग द्या.' मी जोडून देत नाही. आम्ही तसेच बोलत बसतो.

तर असं आहे. गुडघ्याला जपा, यजमानांना गरम पाणी प्यायला सांगा, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय
(हयात)

ता. क. पुढच्या महिन्यात अंकाचं प्रकाशन आहे आणि माझा सत्कार आहे. तुम्ही यायचंच. गुडघ्याची सबब चालणार नाही, दालन तळमजल्यावर आहे. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखून ठेवते, सगळ्यांना दिसाल अशी. कारण पुढे लिहिते.

ता. क. कथेत कोण आहे ते वर लिहायचं राहून गेलं. नणंद आहे. मोठी, प्रेमळ, सगळ्यांच्या वाटचं बोलणारी. मॅडमचं म्हणणं, कथेत काहीतरी हरवावं लागतं. माझी तर चार मरणं आधीच होऊन गेली होती, ह्यांना मारलं असतं तर सूड घेतल्यासारखं दिसलं असतं. घरात उरलं कोण? तुम्हाला काही त्रास होऊ दिलेला नाही. फोनवर हसता हसता जाता.

ता. क. आता लपवण्यात अर्थ नाही. ते शेवटचं पान माझं नाही. मला तुमचं मरण लिहिता येईना, तेव्हा हे म्हणाले, आण इकडे, आणि गॅलरीत दार लावून बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. त्यात लिहिलंय की लहानपणी भावाची बोलताना जीभ अडखळायची, शाळेत नाव विचारलं तरी बहीण धावत येऊन ते सांगायची, आणि ती होती म्हणून त्याला जन्मभर बोलायची गरजच पडली नाही. आता ती गेली, आता त्याला स्वतःच बोलावं लागणार. ते पान वाचताना मी मध्येच थांबले होते, ते काही नाट्यासाठी नव्हे. (वाचलं मात्र मीच. सत्कार माझाच.)

ता. क. वर्गातले लोक कथा वाचल्या-ऐकल्या की खऱ्या मानतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. प्रकाशनाच्या दिवशी सुरुवातीला तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं आहे. मी काही बोलले नाही, लोकांचा उत्साह मोडवत नाही. सगळे उभे राहिले तरी तुम्ही बसून राहा, गुडघ्याला बरं.

ता. क. हे शेजारी बसून पत्र वाचताहेत आणि म्हणताहेत, "तिला लिही, ती येणार असेल तर शेवट बदलतो." तुम्ही याच. पण शेवट मी बदलू देणार नाही. तुमचं मरण फार छान जमलंय.